नाशिककरांचे हृदयाचे प्रश्न: यावेळी सगळं संशोधनाबद्दल

मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेले प्रश्न वाचताना एक गोष्ट लक्षात आली, औषध कोणतं घ्यायचं यापेक्षा "हे कशावरून सांगता डॉक्टर?" असं विचारणारे जास्त होते. मला हे फार आवडलं. म्हणून यावेळी तेच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाहीये, फक्त कुठून आलेत ते लिहितोय.

सातपूर एमआयडीसीतून एक दादा विचारतात: आमच्या लाइनवरचा मित्र, वय ४१, दारू नाही सिगारेट नाही, अंगाने बारीक, नाइट शिफ्टला अटॅक आला. सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या चेकअपमध्ये स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती. मग चेकअपचा उपयोग काय?

दादा, आधी मित्र कसा आहे आता? बरा असेल अशी आशा करतो.

स्ट्रेस टेस्ट काय बघते ते समजून घ्या. पळताना हृदयाला रक्त कमी पडतंय का, एवढंच. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बऱ्यापैकी, साधारण ७० टक्के वगैरे बंद असेल तर ती पकडते. पण बरेच अटॅक येतात ते नळी ३०-४० टक्केच अडवणाऱ्या गाठीमुळे. नळीच्या आतल्या भिंतीत चरबीचा मऊ गोळा असतो, त्याच्यावर पातळ पापुद्रा असतो, तो पापुद्रा एक दिवस फाटतो आणि तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते. काल मोकळी असलेली नळी आज बंद. टेस्ट खोटी नव्हती, तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

आता ४१ व्या वर्षी का, हा खरा प्रश्न. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या एका छोट्या गावात ५,२०९ लोकांना तपासायला सुरुवात झाली, दर दोन वर्षांनी बीपी, कोलेस्टेरॉल, सवयी, सगळं लिहून ठेवायचं आणि वाट बघायची की कोणाला काय होतं. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे जे आज आपण सहज बोलतो ते त्या गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं दंड पुढे केला म्हणून कळलं. पण ते सगळे जवळपास गोरे लोक. आपलं काय? ते २००४ साली इंटरहार्ट नावाच्या अभ्यासातून कळलं, ५२ देश, सुमारे ३०,००० लोक. त्यात दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. आणि कारणं काही गूढ नव्हती: तंबाखू, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, शुगर, बीपी, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळं कमी, व्यायाम नाही. आपल्याकडे हेच सगळं लवकर सुरू होतं.

"अंगाने बारीक" असं तुम्ही लिहिलंय. पँटचा पट्टा कुठे बसतो ते विचारा त्याला. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे कितीतरी पेशंट मी रोज बघतो आणि घरचे म्हणतात हा तर बारीक आहे. आणि त्याच्या घरी कोणाला तरुणपणी अटॅक आला होता का तेही बघा. लायपोप्रोटीन ए नावाचा एक रक्तातला कण असतो, आईवडिलांकडून येतो, खाण्याने फारसा बदलत नाही, जगात साधारण पाचातल्या एकाला तो जास्त असतो. आयुष्यात एकदा तपासला की झालं. तो खाली आणणाऱ्या औषधांवर मोठं काम चाललंय. तोपर्यंत बाकीच्या गोष्टी घट्ट धरायच्या, तुम्हीसुद्धा, तुमचं वय ३८ आहे म्हणता.

नाशिकरोडचे एक काका: पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते. अँजिओग्राफीत एका नळीत ८० टक्के ब्लॉक. एक डॉक्टर म्हणतात लगेच स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाका, दुसरे म्हणतात गोळ्यांवर राहा. कोणाचं ऐकू?

काका, तुमचे रिपोर्ट बघितल्याशिवाय निकाल देणार नाही, पण दोघांपैकी कोणी तुम्हाला फसवतंय असं लगेच धरू नका. हा वाद जगभर वीस वर्षं चालू आहे.

मी शिकत होतो तेव्हा ब्लॉक दिसला की उघडायचा असंच मनात पक्कं होतं. तुंबलेला पाइप मोकळा केला तर बरंच वाटणार ना, त्यात तपासायचं काय? पण काही लोकांनी तपासलं. २००७ चा करेज नावाचा अभ्यास आणि मग २०२० मध्ये छापून आलेला इस्केमिया, ज्यात ३७ देशांतले ५,१७९ पेशंट होते आणि त्यात आपल्याकडचेही बरेच होते. निम्म्यांना गोळ्या आणि सोबत अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त गोळ्या. तीन-साडेतीन वर्षांनी बघितलं तर मृत्यू आणि अटॅक यात म्हणावा असा फरक नाही. मुख्य डावी नळी बंद असलेले किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले लोक यात घेतले नव्हते, तेवढं मात्र लक्षात ठेवा, त्यांचा हिशोब वेगळा.

मग लंडनच्या लोकांनी याहून धाडसी काम केलं. २०१७ चा ऑर्बिटा नावाचा अभ्यास. २०० पेशंट. सगळ्यांना टेबलवर घेतलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावून गाणी सुरू केली म्हणजे खोलीतलं बोलणं ऐकू जाऊ नये, नळीत तार घातली, आणि चिठ्ठीप्रमाणे निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना टाकलाच नाही. पेशंटला माहीत नाही, नंतर तपासणाऱ्यालाही माहीत नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर दोन्हीकडे लोक आधीपेक्षा जास्त पळाले आणि दोघांतला फरक १६-१७ सेकंदांचा, तोही खात्रीने सांगता येईल असा नाही! मला ते वाचून रात्री झोप लागली नव्हती, कारण आपण टाकलेल्या किती स्टेंटनंतर पेशंट "डॉक्टर, एकदम मोकळं वाटतंय" म्हणाले होते ते आठवत होतं. पण ऑर्बिटातले पेशंट आधीच भरपूर गोळ्यांवर होते. म्हणून त्याच लोकांनी २०२३ मध्ये छातीदुखीच्या गोळ्या बंद ठेवून पुन्हा तसंच केलं, तेव्हा स्टेंटने दुखणं खरंच कमी झालेलं दिसलं.

म्हणजे तुमच्यासाठी अर्थ असा. तुमच्यासारख्या स्थिर दुखण्यात स्टेंट टाकला तर त्रास कमी होण्यासाठी टाकायचा, आयुष्य वाढेल म्हणून नाही. गोळ्या नीट घेऊन तुम्ही पायऱ्या चढू शकलात तर घाई नाही. गोळ्या घेऊनही दम तुटत असेल तर स्टेंट चांगला. पण बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, काही मिनिटांत थांबलं नाही, तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि १०८ लावा, कारण चालू अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो आणि त्यात आता कुणाला शंका नाही.

पंचवटीतून एक ताई: ह्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, व्हॉट्सअपवर आलेला लसूण-आलं-लिंबाचा काढा सुरू केलाय, म्हणतात केमिकलपेक्षा नैसर्गिक बरं.

ताई, त्यांना ही गोष्ट वाचून दाखवा. जपानमध्ये अकिरा एन्डो नावाचे संशोधक होते, शेतकऱ्याच्या घरातले. १९७१ पासून दोन वर्षं ते आणि त्यांचे सहकारी बुरशी गोळा करत बसले. सहा हजारांच्या वर प्रकारच्या बुरश्या, एकेकीचा अर्क काढायचा आणि कोलेस्टेरॉल बनवणारी क्रिया त्याने थांबते का बघायचं. शेवटी सापडली ती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची हिरवट निळी बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर येते तिच्या जातभाईंपैकीच. त्यातून पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, निघालं. म्हणजे तुमच्या ह्यांची ती "केमिकल" गोळी ज्या कुळातली आहे त्याचं मूळ तांदळाला आलेल्या बुरशीत आहे.

आणि आपल्या घरचं उदाहरण सांगतो. सर्पगंधा आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या पेशंटवर नीट मोजून मापून वापरली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, तेव्हा जगाला कळलं. पुढे त्यातून रिसर्पिन हे बीपीचं औषध काढलं गेलं. मग वापरता वापरता हेही कळलं की त्याने काहींना उदासी येते, आणि त्याहून चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. म्हणून नैसर्गिक की केमिकल हा प्रश्नच मला पटत नाही. कोणी मोजलंय का, एवढं विचारा.

काढा पोटात जातो, आतड्यात पचतो, नळ्यांमधून फिरून ब्लॉक खरवडत नाही. भाजीत लसूण हवा तेवढा घाला. गोळी मात्र आजच परत सुरू करायला सांगा, आणि अंग दुखतं म्हणून बंद केली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.

मखमलाबादहून: वय ७२, काही त्रास नाही, खबरदारी म्हणून रोज ॲस्पिरिन घेऊ का?

नको. २०१८ साली १९,११४ धडधाकट ज्येष्ठांवर तपासलं, फायदा नाही, रक्तस्राव मात्र वाढला. अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांनी मात्र हे वाचून आपली गोळी बंद करायची नाही!

निफाडवरून एक मुलगा लिहितो: वडिलांना अटॅकनंतर दवाखान्यात विचारलं की नवीन औषधाच्या अभ्यासात भाग घेता का. गावात सगळे म्हणतात तुझ्या बापाला उंदीर बनवतायत.

भाऊ, तुझी भीती चुकीची नाही. आपल्या देशात न सांगता, न समजावता प्रयोग झाल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, म्हणून तर नियम कडक झाले. पण उत्तर देण्याआधी तुझ्या वडिलांना इमर्जन्सीत चघळायला दिलेल्या ॲस्पिरिनबद्दल सांगतो. १९८८ सालचा आयसिस-२ नावाचा अभ्यास. अटॅक आलेले १७,१८७ पेशंट. काहींना ॲस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारं औषध, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही, नुसतं तसंच दिसणारं. पाच आठवड्यांत दोन्ही न मिळालेल्यांत शंभरातले १३ गेले, दोन्ही मिळालेल्यांत ८. त्या सतरा हजारांपैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी हाच प्रश्न विचारला असणार.

आणि उलटंही होतं. अटॅकनंतर ठोके चुकतात, ते चुकणारे ठोके थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टर विश्वासाने देत होते, ईसीजी सुंदर दिसायचा. १९८९ मध्ये नीट तुलना केली तर गोळ्या घेणारेच जास्त दगावत होते. तुलना केली नसती तर आजही दिल्या असत्या.

आता तू काय करायचं. माहितीपत्रक मराठीत माग आणि घरी आण, तिथेच सही करायची सक्ती नसते. सही केल्यावर एक प्रत आपल्याकडे ठेवायची. विचार की नवीन औषध नाही मिळालं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना. नुकसान झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते २०१९ च्या नियमात आहे, पण कागदावर लिहिलंय का बघ. एथिक्स कमिटीच्या (पेशंटचं हित बघून अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) माणसाचा फोन त्या कागदावर असायलाच हवा. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर विचार, सरकारी नोंदणी आहे, कोणालाही फुकट बघता येते. मधेच सोडायचं म्हटलं तरी पुढचे उपचार बंद करता येत नाहीत. यातलं काही विचारल्यावर समोरचा चिडला, तर सरळ नाही म्हण. शांतपणे बसून समजावलं, तर वडिलांना ठरवू दे. वडिलांना, गावाला नाही.

सिडकोतून एक ताई: आईला जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होतं, जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. अटॅक आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं. आई गेली. बायकांचं असं का होतं?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही काही चुकला नाहीत, तुम्ही तर डॉक्टरकडे नेलं होतं.

बायकांनाही छातीत दुखतंच, पण त्यासोबत मळमळ, दम, पाठ, जबडा, विलक्षण थकवा हे जास्त असतं आणि मग ते पित्तावर ढकललं जातं. यात संशोधकांचाही दोष आहे आणि तो मान्य केला पाहिजे. निरोगी लोकांत ॲस्पिरिनने अटॅक टळतो का हे बघायला अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास झाला, त्यात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. १९७७ पासून तिथे मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचं धोरणच होतं, ते १९९३ ला बदललं. बायकांची लक्षणं पुस्तकात "वेगळी" म्हणून लिहिली गेली कारण पुस्तक पुरुषांना बघून लिहिलं होतं.

माझ्या इथल्या डॉक्टर मित्रांना हात जोडून सांगतो, चाळिशीपुढची बाई घामाघूम होऊन पित्त म्हणत आली तर इंजेक्शनआधी ईसीजी काढा. दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे. पहिला नॉर्मल आला तरी थोड्या वेळाने परत काढा, ट्रोपोनिनची रक्ततपासणी करा, हृदयाला इजा झाली की ते वाढतं.

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी: हृदयावर संशोधन करायचंय, पण नाशकात राहून काय होणार?

अरे, बरंच होईल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या लोकांनी हृदयाची झडप बनवायला घेतली तेव्हा आधीचे तीन नमुने फसले. चौथा १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा माणसात बसवला, आणि घशाच्या इन्फेक्शनमधून झडपा खराब झालेल्या आपल्याकडच्या गरीब पोरांना परवडणारी झडप मिळाली. दिल्ली-मुंबईबाहेरच झालं ना हे?

तू आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बघ, गाइड शोध, एथिक्स कमिटीची परवानगी काढ. आणि विषय मी देतो. चांदवडचा कांदा उत्पादक, अंबडचा कामगार, सिडकोतल्या ताईंची आई, यांना दुखायला लागल्यापासून पहिला ईसीजी निघेपर्यंत किती वेळ जातो? वही घे, प्रत्येक पेशंटला पाच गोष्टी विचार: किती वाजता दुखायला लागलं, घरात पहिल्यांदा कोणाला सांगितलं, पहिल्यांदा कुठे गेलात, कशाने गेलात, ईसीजी किती वाजता निघाला. बायका आणि पुरुषांचे आकडे वेगळे मांड. दोनशे पेशंट झाले की वही घेऊन माझ्याकडे ये, मी ओपीडी संपल्यावर संध्याकाळी बसलेला असतो.