वाचकांचे प्रश्न : दवाखान्याचा दर्जा कोण तपासतं?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात राहते. वहिनीच्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेलो तर दोन टेबलांच्या मधे पडदा नाही, मला बाहेरच थांबवलं, आणि डिस्चार्जचा कागद कन्नडमधे, गोळ्या कधी द्यायच्या ते कुणी सांगितलंच नाही. हे कुणी तपासत नाही का?

उत्तर : ताई, तपासतात की, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. सरकारी दवाखान्यांचा दर्जा कसा असावा त्याची केंद्र सरकारची एनक्यूएएस म्हणून मानकं आहेत, 2013 पासून. तपासणीला बाहेरचे असेसर येतात, वॉर्डात फिरून बघतात, सिस्टरना विचारतात, रजिस्टर चाळतात आणि पेशंटशी पण बोलतात, इतर अटींसोबत एकूण किमान 70 टक्के मार्क पडले तरच सर्टिफिकेट, तेही 3 वर्षांपुरतं. बाळंतपणाच्या खोलीसाठी 2017 पासून 'लक्ष्य' कार्यक्रम वेगळा आहे, त्यात पडदा हवाच, आणि घरची एक बाई सोबत असू देणं पण त्यातच येतं. म्हणजे तुम्ही मागताय ते काय जास्तीचं नाही, नियमातलंच आहे. स्वच्छतेसाठी 2015 पासून 'कायाकल्प' बक्षीस आहे, पण मला विचाराल तर फरशी चकाचक करण्यापेक्षा पेशंटला समजेल असं बोलणं जास्त गरजेचं. कागद कन्नडमधे असूदे, पण गोळ्यांच्या वेळा मराठीत तोंडी सांगायला काय अडचण आहे?

आता असं करा, दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीला (दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणारी समिती) तारखेसकट लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक कॉपी बेळगावात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा.