'काँग: स्कल आयलंड' या चित्रपटातल्या मार्लोसारखा वैमानिक 28-29 वर्षं बेटावर खरंच अडकला होता का?

नाही, 1944 साली विमान पडून 1973 पर्यंत राक्षसी प्राण्यांच्या बेटावर राहिलेला हँक मार्लो पूर्णपणे काल्पनिक आहे. पण त्याच काळात तितकीच वर्षं बेटांवर लपून काढलेले दुसऱ्या महायुद्धातले जपानी सैनिक मात्र खरे आहेत, आणि त्यांची नोंद व्यवस्थित उपलब्ध आहे. मला सगळ्यात जास्त भिडतो तो शोइची योकोई. 1944 मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातलं ग्वाम बेट जपानकडून घेतल्यावर तो जंगलात शिरला आणि जानेवारी 1972 मध्ये नदीकाठी स्थानिक माणसांच्या हाती लागला. सैन्यात जाण्यापूर्वी तो शिंपी होता. अंगावरचे कपडे विरल्यावर त्याने झाडाच्या सालीचे तंतू काढले, ते विणून कापड केलं आणि त्याचे सदरे, विजारी शिवल्या. जमिनीत खोदलेल्या भुयारात राहायचा. खायला कोळंबी, उंदीर, जे मिळेल ते. दुसरा हिरू ओनोदा, फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावरचा. मार्च 1974 मध्ये जुन्या वरिष्ठाने समोर येऊन लढाई थांबवण्याचा आदेश वाचून दाखवला तेव्हाच त्याने बंदूक खाली ठेवली, आणि ती तेव्हाही चालू स्थितीत होती.

एक फरक मात्र विसरू नका: हे दोघेही वैमानिक नव्हते आणि निर्जन बेटावरही नव्हते. आजूबाजूला गावं होती, आणि ओनोदाच्या तुकडीने लुबांगच्या कितीतरी निरपराध गावकऱ्यांचे जीव घेतले. तिथल्या लोकांसाठी जंगलातलं संकट म्हणजे हीच माणसं होती.