मामांच्या घरचं इंटरनेट फोनवरून कसं दुरुस्त करू?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या फोनवर वाय-फाय ‘कनेक्टेड’ दिसतं पण काहीच उघडत नाही. आठवड्यातून एक-दोनदा असं होतं आणि लांब असल्यामुळे फोनवर सांगता सांगता दोघंही वैतागता. माझ्या आत्याच्या घरचं नेट मी काही वर्षं असंच लांबून सांभाळते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, ‘बंद करून चालू करा’ हे पहिलं वाक्य म्हणून सांगू नका. मीही तेच सांगायचे. कधी नेट यायचं, कधी नाही, आणि बिघाड कुठे होता ते मात्र कधीच कळायचं नाही, कारण बंद केल्याबरोबर लाइट विझतात आणि त्या क्षणी डबा (म्हणजे नेटचा राउटर) काय सांगत होता तेच हातचं जातं. आधी विचारा, ‘मामा, कोणकोणते लाइट लागलेत आणि कोणत्या रंगाचे?’ एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प. मोठ्या माणसांना वाटत असतं की आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. आत्या दर वेळी ‘अगं, मी कशालाच हात लावला नाही’ इथूनच सुरुवात करायची. ती धास्ती गेली की माणूस नीट बघून सांगतो.

जमलं तर व्हिडिओ कॉल करा. त्यासाठी मामांच्या फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करायला सांगा आणि मागचा कॅमेरा डब्याकडे धरायला लावा. पुढच्या भेटीत डब्याचा पुढून-मागून फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक वायरीला १, २, ३ असे आकडे चिकटवा. ‘ती पिवळी नाही, तिच्या शेजारची’ यापेक्षा ‘दोन नंबरची’ केव्हाही सोपं.

फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने येणारं कनेक्शन असेल तर डब्यावर एलओएस आणि पॉन अशी नावं असलेले दोन लाइट शोधायला सांगा. एलओएस लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाहीये. मग सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. आत्याकडे हेच झालं होतं. दोन दिवस मी कंपनीकडे तक्रारी करत होते आणि ‘आमच्या बाजूने लाइन ठीक आहे’ एवढंच ऐकत होते. शेवटी व्हिडिओ कॉलवर आत्याने कॅमेरा भिंतीकडे वळवला तेव्हा दिसलं की साफसफाईच्या वेळी कपाट मागे सरकलं होतं आणि बारीक वायर त्याच्यामागे काटकोनात दाबली गेली होती. आत केसाएवढा काचेचा तंतू असतो, तो तीव्र वळला की प्रकाश वाटेतच बाहेर गळतो. शेजारच्या मुलाने कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि लाल लाइट गेला. (वायर मुळापासून काढून तिच्या टोकात कुणालाही डोकावू देऊ नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.)

पॉन स्थिर हिरवा आणि एलओएस बंद असेल तर प्रकाश घरापर्यंत येतोय. तुमच्या मामांचं वर्णन वाचून मला हीच शक्यता जास्त वाटते, पण लाइट बघितल्याशिवाय ठरवू नका. ‘कनेक्टेड’चा अर्थ फोन आणि राउटर यांचं जुळलंय एवढाच. त्यापुढचा रस्ता खुला आहे की नाही हे तो शब्द सांगत नाही.

मग विचारा, सगळ्याच उपकरणांवर बंद आहे की एकाच? एकाच फोनवर असेल तर नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. अँड्रॉइड असेल तर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणी काही भरून ठेवलंय का तेही पाहा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा). जुना कॉम्प्युटर असेल तर तारीख बघायला सांगा. आतला सेल संपला की तारीख मागे जाते आणि बहुतेक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. सगळ्यांवरच बंद असेल तर कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता) वाचून घ्या. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. १९२.१६८ने सुरू होत असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येतंय पण नावाने काही उघडत नाही, तर गडबड डीएनएसची. हे सगळं बघून झालं की मग खुशाल बंद करा. बटण नको, प्लग काढून अर्धा मिनिट थांबायचं, लावल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही.

फक्त आतल्या खोलीत अडत असेल तर राउटरच्या वाय-फायची दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४चं नाव जोडून बघा, ते भिंतींपलीकडे जास्त पोहोचतं.

आता एक कळकळीची विनंती. डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबायचं रिसेटचं बटण मामांना कधीही दाबायला सांगू नका. ते रीस्टार्ट नव्हे. त्याने कंपनीचं युझरनेम-पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग तंत्रज्ञ घरी येईपर्यंत नेट नाही. ती माहिती आधीच एका कागदावर लिहून तुमच्याकडे ठेवा.

लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्कसारखं अ‍ॅप कामाचं आहे, पण घरचं नेटच बंद असताना कॉम्प्युटर मामांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यावा लागतो. एकदा आत शिरलात की राउटरचं पान मात्र त्या हॉटस्पॉटवरून उघडणार नाही, त्यासाठी कॉम्प्युटर पुन्हा घरच्या वाय-फायवर लागतो. आणि मामांना पक्कं सांगा की जोडणीसाठी अ‍ॅप जो नंबर दाखवतं तो फक्त तुम्हाला द्यायचा, तोही त्यांनी स्वतः तुम्हाला फोन लावलेला असेल तेव्हाच. ‘इंटरनेट कंपनीतून बोलतोय’ म्हणून कुणी मागितला तर फोन ठेवून द्यायचा. काम झालं की मी आत्याकडून अ‍ॅप काढून टाकवते.

नेट अधूनमधून जातं म्हणालात, म्हणून डब्याशेजारी एक वही ठेवायला सांगा. नेट गेलं की वेळ आणि त्या वेळचा लाइट, एवढंच लिहायचं. आत्याच्या वहीत तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या, सगळ्या एलओएस लाल. त्या तारखा-वेळांसकट वाचून दाखवल्यावर कंपनीने माणूस पाठवला आणि त्याने बाहेरच्या खांबावरचा सैल जोड बदलला. मामांच्या वहीतल्या पहिल्या तीन-चार नोंदी इथे टाका, मी बघून सांगते.