हिशेब-सल्ला : इंड एएस पहिल्यांदा लागू होताना

प्रश्न : चिकोडी तालुक्यातली आमची खासगी साखर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. 31 मार्च 2026 च्या ताळेबंदात नेटवर्थ पहिल्यांदाच 250 कोटींच्या वर गेली. इंड एएस (आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली भारतीय लेखामानके) कधीपासून लागू? ऊस-वाहतुकीची एक छोटी उपकंपनी आहे, तिचे काय?
— लेखाधिकारी, चिकोडी

आधी नेटवर्थ पुन्हा मोजा. कंपनी कायद्याच्या कलम 2(57) प्रमाणे भरणा झालेले भागभांडवल, नफ्यातून झालेली गंगाजळी आणि सिक्युरिटीज प्रीमियम धरायचे. साचलेला तोटा आणि पुढे ओढलेले खर्च वजा करायचे. जमिनीच्या पुनर्मूल्यांकनातून झालेली गंगाजळी त्यात येत नाही. बऱ्याच कारखान्यांच्या पुस्तकांत ती मोठी असते, आणि ती काढली की 250 चे 210 होतात. आकडा कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदातला घ्यायचा, एकत्रित ताळेबंदातला नाही.

तरीही मर्यादा ओलांडली असेल, तर 2026-27 हे तुमचे पहिले इंड एएस वर्ष. तुलनेसाठी 2025-26 चे आकडेही त्याच पद्धतीने द्यावे लागतात, म्हणून संक्रमणाची तारीख, म्हणजे नव्या पद्धतीचा सुरुवातीचा ताळेबंद ज्या दिवसाचा तो दिवस, येते 1 एप्रिल 2025. ताळेबंद तीन करायचे: 1 एप्रिल 2025, 31 मार्च 2026 आणि 31 मार्च 2027. पहिली तारीख कधीच उलटून गेली आहे. तेव्हाचा साठा, येण्यांची वयवारी, बँकांचे मंजुरीपत्र हे सगळे आत्ताच एका फाईलमध्ये आणा. पुढच्या मार्चमध्ये शोधायला बसलात तर ते सापडणार नाही.

वाहतूक कंपनीलाही इंड एएस लागू, मग तिची नेटवर्थ दोन कोटी का असेना. आणि एकदा लागू झाले की नंतर नेटवर्थ घसरली तरी जुन्या मानकांकडे परतता येत नाही.

प्रश्न : 1 एप्रिल 2025 चा ताळेबंद नव्याने करताना नेमके काय बदलते? आमचे ऑडिटर म्हणतात, "फॉरमॅट बदलायचा, बाकी तेच."
— वरील वाचकाचाच दुसरा प्रश्न

फॉरमॅट बदलतोच, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 3 च्या विभाग 2 मध्ये जातो. पण खरे काम इंड एएस 101 मध्ये (पहिल्यांदा इंड एएस घेतानाचे मानक) आहे: नवी मानके मागतात ती मालमत्ता आणि देणी घ्यायची, ती परवानगी देत नाहीत ती काढायची, काहींची जागा बदलायची, आणि उरलेल्यांचे मूल्य नव्या नियमाने ठरवायचे. फरक मुख्यतः संचित नफ्यात जातो, नफा-तोटा पत्रकात नाही. साखर कंपनीत तो कुठे कुठे निघतो ते सांगतो.

यंत्रसामग्री आणि इमारती: जुन्या पुस्तकातली किंमतच 'मानीव किंमत' म्हणून पुढे नेण्याची सवलत आहे. ती घेतली तर जमीन, इमारती, यंत्रे अशा सगळ्या स्थिर मालमत्तेला घ्यावी लागते. जमीन बाजारभावाने आणि बॉयलर जुन्या किमतीने, अशी निवड या सवलतीत चालत नाही. मिल रोलर, टर्बाइनचा रोटर असे वर्षापेक्षा जास्त टिकणारे मोठे सुटे भाग स्टोअर्सच्या साठ्यातून काढून मालमत्तेत न्यावे लागतात, आणि त्यांचा घसारा सुरू होतो.

प्रवर्तकांचे बिनव्याजी कर्ज: मागताक्षणी फेडायचे असेल तर मूळ रकमेनेच राहते. तीन वर्षांची ठरलेली मुदत असेल तर बाजारदराने आजचे मूल्य काढायचे. 2 कोटी रुपये, 10 टक्के दर, तर देणे सुमारे 1.50 कोटी, उरलेले 50 लाख प्रवर्तकांचे योगदान म्हणून इक्विटीत (मालकांच्या निधीत). घरच्या कंपन्यांत याचा कागदच केलेला नसतो. आधी कागद करा, पण तो एप्रिल 2025 मध्ये जे खरोखर ठरले होते तेच सांगणारा हवा.

परतफेडीचे प्रेफरन्स शेअर भांडवलातून उठून कर्जात येतात आणि त्यांचा लाभांश व्याजखर्च होतो. इथे कर्ज-इक्विटी गुणोत्तर बिघडते. बँकेच्या अटीत ते गुणोत्तर असेल तर ताळेबंद सही होण्याआधी बँकेशी बोलून अट 'जुन्या लेखापद्धतीनुसार' अशी लिहून घ्या.

साखर विकास निधीचे सवलतीच्या दराचे कर्ज 1 एप्रिल 2025 ला शिल्लक असेल, तर साधारणपणे ते जुन्याच रकमेवर ठेवायचे. त्यानंतर मिळालेल्या नव्या कर्जात मात्र व्याजातली सवलत वेगळी काढून सरकारी अनुदान म्हणून दाखवावी लागते.

येणी: को-जनच्या (कारखान्यातल्या सहवीजनिर्मितीच्या) विजेचे पैसे "सरकारी आहेत, बुडत नाहीत" म्हणून तरतूद शून्य ठेवतात. इंड एएस 109 मध्ये (येणी, कर्जे अशा वित्तीय साधनांचे मानक) पैसे पूर्ण मिळणार असले तरी ठरल्या मुदतीपेक्षा उशिरा आणि बिनव्याजी मिळणार असतील तर तोही तोटाच. मागची तीन-चार वर्षे वीज कंपनीने बिल किती दिवसांनी भरले, ते काढा.

अंदाज मात्र त्या दिवशीच्या माहितीवरच करायचे. एखादा साखर व्यापारी जानेवारी 2026 मध्ये बुडाला, तर तो तोटा 2025-26 चा. सुरुवातीच्या ताळेबंदात ढकलायचा नाही. शेवटी प्रत्येक फरकावर डिफर्ड टॅक्स (त्या फरकामुळे पुढे भरावा लागणारा किंवा वाचणारा कर) काढा. हे सर्वांत जास्त विसरले जाते.

इक्विटीचा ताळमेळ दोन तारखांना (1 एप्रिल 2025 आणि 31 मार्च 2026) आणि 2025-26 च्या एकूण सर्वसमावेशक उत्पन्नाचा (नफा अधिक थेट इक्विटीत जाणारे फायदे-तोटे) ताळमेळ टिपेत द्यावा लागतो. जुन्या चुका सापडल्या तर त्या वेगळ्या ओळीत दाखवा. मानक बदलल्याच्या नावाखाली मागचा घोळ संचित नफ्यात पुरण्याची युक्ती ऑडिटरने मान्य करू नये.

प्रश्न : निपाणीत आमची तंबाखूची गोदामे आहेत. भाडेकरार दरवर्षी 11 महिन्यांचा, जागा मात्र कित्येक वर्षे तीच. भाडेकरार (लीज) ताळेबंदात आणायला लावणाऱ्या इंड एएस 116 मधून सुटका आहे ना?
— वित्त विभाग, निपाणी

कागद 11 महिन्यांचा आहे म्हणून सुटका होत नाही. (आपल्याकडे 11 महिने लिहितात ते नोंदणी टाळण्यासाठी.) बारा महिन्यांपर्यंतच्या लीजला सवलत आहे, पण मुदत ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या: नूतनीकरणाचा हक्क तुमच्याकडे आहे का, आणि जागा सोडली तर कोणाचे किती नुकसान. नुसते तंबाखूचे बोद (गठ्ठे) रचलेले असतील आणि पंधरवड्यात दुसरीकडे हलवता येत असतील, मालकही हवे तेव्हा रिकामे करून घेऊ शकत असेल, तर अल्पमुदत म्हणता येईल. तिथे पाया घालून यंत्रे बसवली असतील, अग्निशमनाची पाइपलाइन टाकली असेल, तर ती यंत्रे किती वर्षे चालणार त्यावर मुदत ठरते. प्रत्येक गोदामासाठी अर्ध्या पानाची टीप करून ठेवा. ऑडिटर तीच मागतो.

लीज धरावी लागली तर हिशेब असा. भाडे वर्षाला 6 लाख (जीएसटी वगळून), वर्षअखेर देय, मुदत 5 वर्षे, तुम्हाला तेवढ्याच मुदतीचे कर्ज 10 टक्क्यांनी मिळते. आजचे मूल्य 22,74,472 रुपये. तेवढे देणे आणि तेवढाच वापरहक्क (जागा वापरण्याचा हक्क, मालमत्ता म्हणून) ताळेबंदात येतो. पहिल्या वर्षी व्याज 2,27,447 आणि घसारा 4,54,894, म्हणजे 6,82,341 खर्च. भाड्यापेक्षा 82,341 जास्त. पाचव्या वर्षी खर्च 5,09,439 वर येतो. पाच वर्षांची बेरीज तीच, 30 लाख. भाडे महिन्याला देत असाल तर महिन्याचाच तक्ता करा, आकडे थोडे हलतात.

दोन चुका नेहमीच्या. दर म्हणून बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर घेतात; घ्यायचा तो तितक्याच मुदतीच्या, तारण दिलेल्या कर्जाचा. आणि मालकाकडची बिनव्याजी अनामत विसरतात. तिचेही आजचे मूल्य काढून उरलेला भाग वापरहक्कात मिळवायचा असतो.

प्रश्न : आमची पतसंस्था बहुराज्य कायद्याखाली नोंदलेली, शाखा दोन्ही राज्यांत. संचालक म्हणतात इंड एएस घेऊया, प्रतिष्ठा वाढेल.
— सचिव, खानापूर

तुम्ही कंपनी नाही, त्यामुळे इंड एएस नियम तुम्हाला लागू नाहीत. कंपनी नसलेल्या संस्थांसाठी सनदी लेखापाल संस्थेची लेखामानके आहेत, ती नीट पाळा. सहकारी साखर कारखान्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : आमची कंपनी 2017 पासून इंड एएसवर आहे. नवे मानक जाहीर झाले की वार्षिक अहवालात "परिणाम तपासत आहोत" एवढे लिहिले तर पुरते?
— कंपनी सचिव, उद्यमबाग, बेळगाव

पहिल्या वर्षी कदाचित, दुसऱ्या वर्षी नाही. लेखाधोरणांचे मानक इंड एएस 8 हे नव्या मानकाचे नाव, लागू होण्याची तारीख आणि माहीत असलेला किंवा वाजवी अंदाज करता येण्यासारखा परिणाम मागते. आपल्याकडे मोजायचे ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या राजपत्रातल्या अधिसूचनेपासून. सनदी लेखापाल संस्थेचा मसुदा म्हणजे मानक नव्हे. तरी मसुदा वाचून ठेवा. एप्रिल 2024 मध्ये आलेले आयएफआरएस 18 (आयएफआरएस म्हणजे इंड एएसचा पाया असलेली आंतरराष्ट्रीय मानके) घ्या, आंतरराष्ट्रीय पातळीवर 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू. त्यात नफा-तोटा पत्रक परिचालन, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा अशा गटांत विभागते, आणि कंपनी स्वतःच्या सोयीने जाहीर करते ते 'समायोजित नफ्या'चे आकडे लेखापरीक्षित टिपेत ताळमेळासह द्यावे लागतात. तुलनेचे मागचे वर्षही नव्या मांडणीत लागते. म्हणून लेजरमध्ये प्रत्येक खात्याला गटाचा कोड तुलनेच्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच हवा. विनिमय दरातील फरक या एकाच खात्यात निर्यातीच्या येण्यांचा आणि परकीय कर्जाचा फरक एकत्र टाकत असाल, तर ते खाते आत्ताच दोन करा.