डॅलस की न्यू जर्सी? रेडिंगहून अमेरिकेत यायला निघालेल्या ताईंना

ताई,

रेडिंगमध्ये घर आहे, दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट, मुलगी तेरा वर्षांची. कंपनी म्हणतेय एल-वन व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) अमेरिकेत जा, डॅलस किंवा न्यू जर्सी यातलं कुठलंही ऑफिस निवडा. पगाराबद्दल तुम्हाला शंका नाही. भीती पोलिसांची आणि तिथल्या राजकारणाची आहे, आणि दरवर्षी साताऱ्याहून सहा महिने येणाऱ्या सासूबाईंची काळजी आहे. ब्रिटनमधल्या बातम्यांत अमेरिका दिसते ती खरी का, असं विचारलंत. मी बर्मिंगहॅमला बरीच वर्षं काढली, मग टेक्सासला आणि आता न्यू जर्सीला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिटनमधून बघितलं की अमेरिका एकसंध वाटते: एक सरकार, एक पोलिस, एक राष्ट्राध्यक्ष. प्रत्यक्षात तुम्ही कुठल्या राज्यात आणि कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) राहता, यावर इथलं रोजचं जगणं ठरतं. पोलिसांच्या बाबतीत तर फारच. इंग्लंड आणि वेल्स मिळून ४३ प्रादेशिक पोलिस दलं आहेत, स्कॉटलंडमध्ये २०१३ पासून एकच, उत्तर आयर्लंडमध्ये एक. अमेरिकेत लहानमोठी मिळून साधारण १८,००० दलं आहेत. गावाचे पोलिस वेगळे, काउंटीचा शेरिफ, म्हणजे तिथला पोलिसप्रमुख, वेगळा, राज्याचे वेगळे, विद्यापीठाचे वेगळे. प्रत्येकाचं प्रशिक्षण, पगार आणि शिस्त वेगळी. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरानं २०१३ मध्ये आपलं पोलिस खातंच बरखास्त केलं आणि काउंटीचं नवं दल उभं केलं. तुमच्या रेडिंगच्या थेम्स व्हॅली पोलिसांच्या बाबतीत अशी कल्पना तरी करता येईल का?

आता बंदुकीबद्दल, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी खासगी हँडगनवर बंदी आली. तिथला बीटवरचा शिपाई निःशस्त्र फिरू शकतो, कारण समोरच्याच्या खिशात पिस्तूल असेल असं त्याला धरून चालावं लागत नाही. इथे प्रत्येक शिपायाला तेच धरून चालावं लागतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक नागरिकांना परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. न्यू जर्सीत विकत घ्यायलाही परवाना लागतो आणि बाळगायला वेगळा. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांच्या गोळीनं मरणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी पाचाच्या आत असते. अमेरिकेत ती वर्षाला हजाराच्या आसपास आहे. लोकसंख्या साडेपाचपट धरली तरी ही दरी भरत नाही. हा आकडासुद्धा बरीच वर्षं नीट कोणी मोजत नव्हतं. २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीनं मारला गेल्यावर वर्तमानपत्रांनी स्वतःच मोजणी सुरू केली.

म्हणून गाडी थांबवली जाण्याची पद्धत आधीच शिकून घ्या. ब्रिटनमध्ये आपण बऱ्याचदा दार उघडून खाली उतरतो आणि बोलायला जातो. लायसन्स घरी राहिलं तर सात दिवसांत पोलिस स्टेशनला दाखवता येतं. इथे गाडीतून उतरायचं नाही. रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, आणि कागद काढायला डॅशबोर्डच्या खणात हात घालण्याआधी तसं सांगायचं. शिपाई उतरा म्हणाला तर उतरायचं. १९७७ पासून सुप्रीम कोर्टानं त्याला तो अधिकार दिलेला आहे. टेक्सासमध्ये मला एकदा रात्री थांबवलं तेव्हा शिपाई बाजूच्या खिडकीशी आला, हात कमरेपाशी होता. अत्यंत सभ्यपणे बोलला, मागचा दिवा गेलाय म्हणाला, आणि ताकीद देऊन सोडलं. वागणुकीत नाव ठेवायला जागा नव्हती, तरी त्याचा हात कुठे आहे ते मी सतत बघत होतो. ही सावधगिरी अंगवळणी पडते. ती पडावी लागते याचं मला आजही वाईट वाटतं, आणि मुलगी सोळाची होऊन गाडी शिकायला लागेल तेव्हा तुम्हाला ती तिलाही शिकवावी लागेल.

सासूबाईंचं. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून मुलाकडे आलेले एक आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. शेजाऱ्यानं अनोळखी माणूस फिरतोय म्हणून फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. व्हिडिओ होता, त्या पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. असं रोज घडत नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या रस्त्यांवर संध्याकाळी कितीतरी आजी-आजोबा निर्धास्त फिरतात, पण तिथे आपली माणसं इतकी आहेत की कोणाला ती अनोळखी वाटत नाहीत. नव्या वस्तीत गेलात तर पहिल्याच आठवड्यात त्यांना घेऊन शेजारच्या चार घरी जाऊन या. त्यांच्या पर्समध्ये घरचा पत्ता, तुमचा फोन नंबर आणि त्यांना मराठीच समजतं असं लिहिलेलं कार्ड ठेवा. सोबत त्यांच्या आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रतही. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकानं नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा केंद्राचा जुना कायदा आहे आणि २०२५ पासून त्यावर नव्यानं जोर दिला जातोय. ब्रिटनमध्ये ओळखपत्राशिवाय फिरायची आपल्याला सवय असते, ती तुम्हा सगळ्यांनाच सोडावी लागेल.

ब्रिटिश लोक अमेरिकी पोलिसांबद्दल बोलताना स्वतःकडे कमी बघतात, हेही सांगायला हवं. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरून १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं लंडनच्या पोलिसांवर संस्थात्मक वंशभेदाचा ठपका ठेवला. २२ जुलै २००५ ला लंडनच्या स्टॉकवेल भुयारी रेल्वे स्टेशनात पोलिसांनी जाँ शार्ल्स द मेनेझिस या निरपराध ब्राझिलियन तरुणाला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या. त्या उन्हाळ्यात पाठीवर सॅक घेऊन ट्यूबमध्ये, म्हणजे त्या भुयारी रेल्वेत, चढताना आपल्यासारख्यांना काय वाटत होतं, ते तुमच्याआधी तिथे गेलेल्या कोणालाही विचारा.

काही बाबतींत तर मला अमेरिका उजवी वाटते. इंग्लंडमध्ये अटक झाल्यावर तुम्ही गप्प राहिलात आणि नंतर कोर्टात तीच गोष्ट मांडलीत, तर त्या मौनाचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावता येतो. इथे चौकशीत गप्प राहण्याच्या हक्कामागे राज्यघटना उभी आहे. मात्र पोलिस स्टेशनात प्रत्येकाला फुकट मिळणारा ब्रिटनमधला सॉलिसिटर, म्हणजे वकील, इथे विसरा. सरकारी खर्चानं मिळणारा बचावाचा वकील ऐपत नसलेल्यालाच, आणि तोही बहुधा कोर्टात. टेक्सासमध्ये जामिनाला पैसे मोजावे लागतात. न्यू जर्सीनं २०१७ पासून रोख जामीन जवळपास बंदच केला. इथली पारदर्शकता मात्र मनापासून आवडते. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याचदा काही आठवड्यांत लोकांपुढे येतं. गावाच्या सभेत उठून पोलिसप्रमुखाला प्रश्न विचारता येतो, आणि लोक विचारतात.

आता राजकारण. टेक्सासमध्ये शेरिफ निवडून येतो, खटले भरणारा सरकारी वकील निवडून येतो, न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. तुमच्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची असतात. ब्रिटनहून आलेल्या माणसाला हे पचायला सगळ्यात जड जातं, मला तर अजूनही पटलेलं नाही. न्यू जर्सीत काउंटीचे सरकारी वकील आणि न्यायाधीश गव्हर्नर नेमतो, ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. स्थलांतरितांबद्दलही हाच फरक. २०१८ च्या आदेशानं न्यू जर्सीच्या स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला किती मदत करायची यावर मर्यादा आहे. टेक्सासनं २०२५ मध्ये कायदा करून तुरुंग चालवणाऱ्या शेरिफांना त्याच खात्याशी करार करायला लावलं.

केंद्रातल्या धक्क्यांची तयारी ठेवा. लंडनमध्ये अर्थसंकल्प हरला तर सरकार पडतं. वॉशिंग्टनमध्ये सरकार तसंच राहतं आणि कार्यालयं बंद पडतात. २०२५ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४३ दिवस पडली होती. १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीनं नव्या एच-वन-बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आलं, आणि सुट्टीवर भारतात गेलेले लोक मिळेल त्या विमानानं परत निघाले. ते शुल्क एल-वनला लागू नाही, पण कारभाराची रीत कळावी म्हणून सांगितलं. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचे नियम बदलले तरी आधी संसदेपुढे ठेवावे लागतात. दुसरीकडे, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात निवडून आले, तेही याच व्यवस्थेत.

जगाच्या राजकारणाबद्दल ब्रिटिशांच्या मनात अमेरिकेविषयी जुनी सल आहे. १९५६ ला इजिप्तच्या सुएझ कालव्यावर चालून गेलेल्या ब्रिटनला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनं पैशाच्या जोरावर माघार घ्यायला लावली. १९८३ ला राणी जिथे राष्ट्रप्रमुख होती त्या कॅरिबियन बेटावर, ग्रेनाडात, ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा विरोध डावलून अमेरिकेनं सैन्य उतरवलं. आणि इराक. मार्च २००३ मध्ये रॉबिन कुक यांनी या युद्धाला विरोध म्हणून ब्रिटनचं मंत्रिपद सोडताना कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, केलेलं भाषण आजही ऐकावं असं आहे. त्या युद्धात १७९ ब्रिटिश सैनिक आणि कर्मचारी गेले, इराकी किती गेले याची मोजदाद लाखांत होते. पण युद्धात उतरण्याचा ठराव ब्रिटनच्याच संसदेनं मंजूर केला होता, आणि २०१३ मध्ये सिरियावरच्या हल्ल्याला त्याच संसदेनं २८५ विरुद्ध २७२ मतांनी नकारही दिला. त्यामुळे सगळं खापर वॉशिंग्टनवर फोडणं मला पटत नाही. इथे आल्यावर जाणवेल ते वेगळंच. ब्रिटनमध्ये रोज अमेरिकेची चर्चा असते, इथे ब्रिटनची नसतेच. स्थानिक बातम्यांत शाळेचा कर, हवामान, हायस्कूलचं फुटबॉल. ज्या देशाचं सैन्य जगभर आहे तिथल्या शेजाऱ्याला त्या जगाबद्दल इतकं कमी कळवलं जावं, हे मला धोक्याचं वाटतं. मुलीला जगाच्या बातम्या वाचायची सवय घरातूनच लावा.

मतदानाचं एक. ब्रिटनमध्ये तुम्ही भारतीय पासपोर्टवर असतानाही, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, मत देऊ शकत होतात. इथे नागरिकत्वाआधी मत दिलंत तर तो गुन्हा आहे आणि देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या चौकटीवर चुकूनही खूण करू नका. ब्रिटनमधलं मत मात्र ठेवता येतं. परदेशातल्या नागरिकांवरची १५ वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठली. रेडिंगच्या पत्त्यावर नोंदणी करून घ्या.

माझं मत विचाराल तर सासूबाई आणि मुलगी दोघींसाठी न्यू जर्सी. घरं महाग, मालमत्ता कर जास्त, तरीही. डॅलसच ठरलं तर कॉलिन, डेंटन की डॅलस काउंटी, ते घर बघण्याआधी ठरवा आणि तिथल्या शेरिफनं गेल्या निवडणुकीत काय आश्वासनं दिली ते वाचा.

सही करण्याआधी कंपनीला एक विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत पासपोर्ट मोजत नाहीत, जन्मदेश मोजतात. तुमचा जन्म साताऱ्याचा, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट असूनही तुम्ही भारताच्या रांगेत, आणि बहुतेक वर्गांत ती रांग दहा वर्षांच्या पुढे आहे. मुलगी एकवीसची होईपर्यंत नंबर लागला नाही तर ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते. मॅनेजरच्या वर्गातून गेलात तर वाट तुलनेनं छोटी, म्हणून कंपनी एल-वन-ए देणार की एल-वन-बी, हे लेखी घ्या. नवऱ्याचा जन्मदेश पत्नीला वापरता येतो. तुम्ही लिहिलंय की त्यांचं लहानपण लेस्टरला गेलं, पण जन्म कुठला ते लिहिलं नाहीत. लेस्टरचा किंवा नैरोबीचा असेल तर सगळं गणित बदलतं. तेवढं कळवा, मग वकिलाला काय विचारायचं ते लिहून पाठवतो.