बाबांच्या कॉफीचा डबा

प्रश्न : ताई, बाबा जाऊन दीड वर्ष झालं. रोज पहाटे ते हाताने फिरवायच्या यंत्रात कॉफी दळायचे आणि मला आतल्या खोलीत, अंथरुणातच तो वास यायचा. त्यांनी दळलेल्या पुडीचा अर्धा डबा मी जपून ठेवलाय. रोज उघडते. झाकण काढलं की ते शेजारी उभे असल्यासारखं वाटतं. फोटो बघून असं होत नाही. पण हल्ली वास उतरलाय. आठवणही अशीच जाईल का?

उत्तर : नाही, आठवण डब्यात नाही. पण डब्यातला वास मात्र जाणारच. भाजलेल्या कॉफीत वासाची ८००हून अधिक द्रव्यं सापडली आहेत, पण ‘ही कॉफी’ असं नाकाला पटतं ते त्यांतल्या मोजक्यांमुळे. फरफ्युरिलथायॉल हे त्यांतलं गंधकाचं एक द्रव्य, कणभर असलं तरी जाणवणारं आणि तितकंच नाजूक. तुम्ही झाकण काढता तेव्हा थोडा वास उडतो आणि आत हवा शिरते.

फोटोचं म्हणाल, तर डोळ्यांनी पाहिलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातं, मग पुढे. वासाला तो थांबा नाही. नाकातून निघालेला संदेश घ्राणकंदातून, म्हणजे मेंदूतल्या वास घेणाऱ्या भागातून, थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे वळतो. म्हणून ‘कॉफी’ हा शब्द सुचायच्या आधी तुम्हाला बाबा भेटतात.

रोज उघडण्याची मात्र मला काळजी वाटते. मी वीस वर्षं कॉफी चाखण्याचं काम केलं. सकाळपासून वाट्यांवर वाट्या हुंगायच्या. आज कॉफीच्या वासाने मला कोणीही आठवत नाही, इतके दिवस त्याला चिकटलेत. पण कच्च्या, हिरवट बियांचं पोतं उघडलं की वाळल्या गवतासारखा वास येतो आणि माझा कामाचा पहिला दिवस उभा राहतो, थरथरत्या हातातल्या चमच्यासकट. पोती उघडणं माझं काम नव्हतं, म्हणून तो वास वाचला.

तेव्हा डबा आता बंद राहू द्या. त्यावरचं नाव, बियांची जात, भाजणी गडद की मध्यम, सगळं आजच उतरवून ठेवा. तशाच अख्ख्या बिया थोड्याच आणा. बाबांचं यंत्र आधी ब्रशने झाडून घ्या, जुन्या पुडीचं तेल खवट झालेलं असतं. दळताना तुम्ही जवळ उभ्या राहू नका. घरातल्या कोणाला तरी पहाटे दळायला सांगा आणि तुम्ही आतल्या खोलीत अंथरुणातच पडून राहा. आधी यंत्राची घरघर ऐकू येईल, वास तिच्या मागून येईल.