घरी रेकॉर्ड केलेला पहिला मराठी पॉप अल्बम महिनाभरात काढायचा आहे, काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की नाशिकला गंगापूर रोडच्या घरी रेकॉर्ड केलेली सहा गाणी तयार आहेत, एकात कुसुमाग्रजांची कविता आहे, दोन गाणी नेटवरून घेतलेल्या बीटवर, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या तयार संगीतावर आहेत. तर अल्बम लोकांपर्यंत कसा पोहोचवायचा आणि तो आवडला की नाही हे कसं ओळखायचं.

आधी कवितेचं बघा, कारण सगळं अडेल ते तिथेच. आपल्याकडे कवी गेल्यावर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत लेखी परवानगी लागणारच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांच्या गाण्यांनाही हाच नियम. बालकवींची कविता मोकळी आहे, पण तिला दुसऱ्या कुणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. कुसुमाग्रज नाशिकचे, आपलेच, म्हणून चालून जाईल असं कृपा करून समजू नका. संग्रहाच्या सुरुवातीच्या पानावर हक्क कुणाकडे आहेत ते छापलेलं असतं. तिथे पत्र पाठवा आणि उत्तर येईपर्यंत ते गाणं बाजूला ठेवा. पाच गाण्यांनीही छान सुरुवात होते.

बीटचं दुखणं वेगळं. स्वस्तात मिळणारं लायसन्स बहुतेक वेळा सामायिक असतं. तेच संगीत आणखी पन्नास जणांनी घेतलेलं असू शकतं. त्यातल्या एकाने यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, आपलं गाणं नोंदवलं की तुमच्या गाण्यावर हक्काचा दावा (क्लेम) येतो आणि पैसे तिकडे वळतात. तुम्हीही अशी गाणी वितरकाकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी पोहोचवणाऱ्या सेवेकडे देताना कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा. लायसन्समध्ये किती स्ट्रीमपर्यंत (ऑनलाइन किती वेळा ऐकलं जाईपर्यंत) मुभा आहे, तेही वाचा.

रेकॉर्डिंगबद्दल एवढंच, की भिंतीला लावलेला फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल पथकांचा सराव चालू असेल तर तो खालचा दणका भिंतीतून थेट माइकमध्ये येतो आणि मिक्सिंगमध्ये धड निघत नाही. पहाटे गा. माइक तोंडापासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी), आवाजाचं सर्वोच्च टोक, म्हणजे पीक, उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणि ट्रू पीक, म्हणजे प्रत्यक्ष वाजतानाचं सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबल ठेवा. त्याहून फार जोरात केलं तरी स्पॉटिफाय आवाज खाली आणतं. हाती राहतं ते दबलेलं, सपाट गाणं.

आता तारीख. महिनाभर म्हणताय, तर त्यातले किमान तीन आठवडे अपलोडनंतरचे ठेवा. गाणं वितरकाकडून पोहोचल्यावरच स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या ॲपमधून प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना सुचवता येतं, तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी आणि अल्बममधलं एकच. लांबलचक प्रस्तावनेचं गाणं त्यासाठी निवडू नका. ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम मोजला जात नाही, तेव्हा मुखडा त्याआधी आलेला बरा. वर्णनात भाषा, वाद्यं, गाण्याचा भाव लिहा. ‘सर्वांना आवडेल’ याने संपादकाला काही कळत नाही.

मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाचं नाव नको, नाहीतर परत येतं. तुमच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर गाणी नामसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याच गायिकेच्या पानावर जातात. गीतकार-संगीतकारांची नावं भरा आणि त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं; कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. वितरकाने दिलेले आयएसआरसी क्रमांक, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचे ओळख क्रमांक, जपून ठेवा. उद्या वितरक बदललात तर त्याच क्रमांकांवर जुने आकडे टिकतात.

प्रतिसादाचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्याचे आकडे म्हणजे बहुतांशी ओळखीचे लोक. मी तरी त्यावरून काहीच ठरवणार नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बघा: किती श्रोत्यांनी गाणं सेव्ह केलं, दर श्रोत्यामागे किती स्ट्रीम पडतात, आणि नाशिक-पुण्यापलीकडची शहरं यादीत येतात का. शंभर श्रोत्यांत वीस जणांनी सेव्ह केलेलं गाणं, हजारांत पाच जणांनी सेव्ह केलेल्यापेक्षा कितीतरी मोलाचं. पुढचा व्हिडिओ त्याच गाण्याचा करा. यूट्यूब स्टुडिओतला आलेख तर लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले तेही दाखवतो. अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसवर रेघ कोसळत असेल, तर पुढच्या गाण्यात तो अर्धा करा.

पैसे देऊन स्ट्रीम मात्र विकत घेऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले गेले की ते मोजणीतून जातात, दंड वितरकामार्फत तुमच्यावर येऊ शकतो, आणि गाणंच काढून टाकलं जाण्याची वेळ येते. वर्षभरात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही. पण हजाराचा आकडा ओळखीतल्या, खरंच ऐकणाऱ्या माणसांतूनही गाठता येतो.